जुनी मसल कार उभी करायची आहे, कोणती घेऊ?

कॅन्टनकर:

नमस्कार मंडळी,

डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टनमध्ये आम्ही बावीस वर्षं राहतोय. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. आम्ही दरवर्षी सकाळी सातला घडीच्या खुर्च्या टाकून जागा धरतो. यंदा लेकीने विचारलं, "बाबा, आपण नुसतं बघायलाच येणार का?" ती पंधरा वर्षांची आहे, शाळेत वेल्डिंग शिकतेय, हाताने काम करायची तिला मनापासून आवड. परतताना वाटेतच ठरलं, एक जुनी मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेली जुनी अमेरिकन गाडी, घ्यायची आणि दोघांनी मिळून उभी करायची.

आमच्या गॅरेजात एका गाडीची जागा मोकळी आहे. गाडीसकट सगळं मिळून २५,००० डॉलर, तेही तीन वर्षांत हळूहळू. प्रदर्शनात ठेवायची नाही, चालवायची आहे. ब्रेक नवे बसवणार, ऑटोमॅटिक असेल तर काढून हाताचे गिअर टाकणार, इंजिनाचं अजून काही ठरवलेलं नाही.

मनात सगळ्यात वर शेव्हरोलेच्या दोन, १९६९ ची कॅमेरो आणि १९७० ची शेवेल. त्याखालोखाल फोर्डची १९६६ ची सहा सिलिंडरची मस्टँग, शेव्हरोलेचीच १९७२ ची नोव्हा आणि १९७१ ची डॉज डार्ट. इथून तासाभरावर एक लाल मस्टँग ८,५०० ला आहे, नुकताच रंग दिलेली, फोटोतच डोळे दिपतात. ॲरिझोनात एक नोव्हा ९,५०० ला आहे. तिचे फोटो बघून बायको म्हणाली, ही भंगारात निघालेली दिसते.

नोकरी इंजिनांचीच असल्यामुळे ती बाजू मला कळते. पत्र्यातलं काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

मोपारवेडा:

डॅलसहून नमस्कार. डोळे मिटून डार्ट घ्या असं मी म्हणणार हे नावावरून कळलंच असेल (मोपार म्हणजे क्रायस्लरच्या गाड्या, डॉज त्यातलीच), पण कारणं देतो.

डार्ट, डस्टर, व्हॅलियंट या सख्ख्या बहिणी. हलक्या गाड्या. पुढे स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे चाकाकडून मागे जाणारी पोलादी कांब, जी पिळली जाते आणि वजन पेलते. पुढची उंची कमी-जास्त करायची तर एक बोल्ट फिरवला की झालं. २२५ घनइंचाचं तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन तर मरत नाही म्हणतात ते खरं आहे. माझं पन्नास वर्षांचं आहे, अजून सकाळी पहिल्या सेल्फला लागतं.

आता अडचणीही सांगतो. १९७२ पर्यंतच्या या गाड्यांना चाकाचे बोल्ट चार इंची वर्तुळावर आहेत, त्यामुळे बाजारात मिळणारी बहुतेक चांगली चाकं बसत नाहीत. १९७३ नंतरच्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक आणले की ते वर्तुळ साडेचार इंची होतं, पण मग मागचा एक्सलही त्याच मापाचा करावा लागतो. सहा सिलिंडरवाल्या गाड्यांचा मागचा एक्सल सव्वासात इंची असतो, त्यावर ताकदवान व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाकलं तर तो फार दिवस टिकत नाही. आणि शेवेल-मस्टँगसारखं नवं पत्रकाम सहज मिळत नाही, मिळतं ते महाग.

एक गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. १९७० पर्यंतच्या क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. मला ठाऊक नव्हतं. लांब पाइप लावून, अंगाचा सगळा जोर देऊन मी ते 'सोडवत' होतो आणि प्रत्यक्षात आवळत होतो. दोन बोल्ट मुळापासून तुटले. बोल्टाच्या टोकावर बारीक 'एल' कोरलेला असतो, तो आधी बघावा.

बे_एरियातली:

कॅन्टनकर, त्या लाल मस्टँगला हात लावण्याआधी हे वाचा.

२०१४ साली मी अशीच एक १९६६ ची घेतली, निळी, झळझळीत. घेऊन महिना झाला आणि पहिला पाऊस आला. सकाळी दार उघडलं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओलाचिंब. काच बंद, दार बंद, पाणी आलं कुठून? समोरच्या काचेखाली जी जाळी असते ना, तिच्यातून हवा आत येण्यासाठी बॉडीतच एक बंद पेटी केलेली आहे. तिला काउल म्हणतात. पावसाचं पाणी त्या पेटीत शिरतं आणि बाजूंनी खाली निघून जातं. पाला साठला, की पाणी तुंबतं आणि पेटी आतून सडते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दुरुस्त करायचं तर ढीगभर स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवावे लागतात. ज्याच्याकडून घेतली त्याने वरून नवा रंग, आत नवा गालिचा टाकून दिला होता.

म्हणून बघायला जाताना एक बादली पाणी घेऊन जा. काचेखालच्या जाळीवर सावकाश ओता आणि लेकीला टॉर्च घेऊन डॅशबोर्डाखाली बघायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

दुसरं, सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार बोल्ट, व्ही-८ वालीला पाच. हा फरक फक्त चाकांपुरता नाही. पुढचे स्पिंडल, ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे, मागचा एक्सल, सगळंच सहावालीचं नाजूक. व्ही-८ टाकायचं म्हणजे हे सगळं बदलणं आलं. जाहिरातीत स्वस्त दिसणारी सहावाली तिथे महाग पडते.

आणि तिसरं, जे मी कुणालाही पहिल्या दिवशी करायला लावते: १९६६ पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलतो तो, एकाच खान्याचा आहे. एका चाकापाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. १९६७ पासून दोन खान्यांचे आले. रंग, चाकं, इंजिन सगळं नंतर.

रानपाखरू:

वाचतेय. गाड्यांतलं काही कळत नाही, पण बादलीची युक्ती आवडली.

पाटे_आणि_पाने:

पुण्यात नाना पेठेत अकरा वर्षं डेंटिंग केलं, आता ओहायोत हेच काम करतो. कॅन्टनकर, तुम्ही म्हणालात इंजिनं कळतात आणि पत्रा कळत नाही. मग सगळं लक्ष पत्र्यावरच द्या. इंजिन पाना घेऊन सुटं होतं, बाजूला ठेवता येतं, नवं आणता येतं. सडलेला पत्रा म्हणजे कापा, नवा बसवा, माप जुळवा, जोडा, घासा, परत जुळवा. दिवसच्या दिवस जातात. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ गाड्या इंजिनासाठी अडलेल्या नसतात, पत्र्यासाठी अडलेल्या असतात आणि मालकाची उमेद तिथेच संपलेली असते.

तुम्ही राहता तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. मिशिगन-ओहायोत आयुष्य काढलेली पन्नास वर्षांची गाडी आणि ॲरिझोनातली तेवढ्याच वयाची गाडी यांची तुलनाच नको. वाळवंटातल्या गाडीच्या सीटा फाटतात, डॅशबोर्ड तडकतो, रबरं विटकरीसारखी होतात, छपराचा रंग उडून लाल प्रायमर दिसतो. यातलं सगळं बाजारात विकत मिळतं. खालचा सांगाडा धड असलेली गाडी मात्र दिवसेंदिवस कमी होत चालली आहे.

बघायला जाताना घोट्यापासून मनगटापर्यंत झाकणारे जुने कपडे घाला, कारण खाली झोपावंच लागतं. फ्रिजवरचं साधं चपटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या वरची कमान आणि चाकामागचा खालचा कोपरा, पुढच्या मडगार्डचा दाराजवळचा खालचा भाग, यांवरून ते फिरवा. चांगल्या पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीवर निसटतं. मग डिकीतली चटई उचला. मस्टँगमध्ये तर पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीच्या तळाचा भाग असतो, त्याच्या कडा बघा. मागच्या काचेच्या खालचा पन्हळ बघा, विशेषतः छपरावर रेक्झिन चिकटवलेलं असेल तर, कारण त्याखाली ओल धरते. शेवटी खाली झोपून मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. 'भद्' असा आवाज आला तर आत काही उरलेलं नाही.

शेवेलला वेगळा चासी आहे, त्यात मागच्या चाकापुढचा-मागचा वळणाचा भाग आतून गंजतो. नोव्हा आणि कॅमेरोला अख्खा चासी नाही, फक्त पुढे इंजिनाखाली सबफ्रेम, म्हणजे अर्धा सांगाडा, तोही बोल्टांनी लावलेला. हे काम करणाऱ्याच्या दृष्टीने फार सोयीचं आहे.

आणि एक. विकायच्या आधी नुकताच रंग दिलेल्या गाडीपेक्षा रंग उडालेली गाडी मी केव्हाही घेईन. रंग उडालेला पत्रा लपवत काही नाही.

जुना_कागद:

इथे 'मसल कार' म्हणून मस्टँग आणि नोव्हा सगळंच एका रांगेत बसवलंय, म्हणून थोडा इतिहास, कारण त्यावर किंमत ठरते.

१९६४ साली पाँटियाकने टेंपेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घनइंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ बसवून जीटीओ काढली. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको. जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती नवी गाडी म्हणून आणलीच नाही, टेंपेस्टवर जादा पैसे देऊन घ्यायचा संच म्हणून विकली. साधी, मध्यम आकाराची, तरुणाला परवडणारी गाडी आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं इंजिन, ही खरी मसल कार. मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली, ती जात थोडी वेगळी, पण आज लोक दोघींना एकाच नावाने ओळखतात.

कळस झाला १९७० साली. शेवेल एसएसमध्ये, म्हणजे शेवेलच्या सुपर स्पोर्ट या ताकदवान प्रकारात, ४५४ घनइंचाचं एलएस-६ इंजिन आलं, ४५० अश्वशक्तीचं. १९७१ पासून कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरवलं. १९७२ ला अश्वशक्ती मोजायची पद्धतच बदलली. आधी नुसतं इंजिन स्टँडवर ठेवून मोजायचे, आता सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर सगळं लावून मोजू लागले. म्हणून कागदावर १९७२ च्या गाड्या एकदम दुबळ्या दिसतात. त्यातला काही भाग खरा आहे, बराचसा मोजण्यातला. याच गैरसमजामुळे १९७२ ची गाडी अजूनही तुलनेने स्वस्त मिळते. शिवाय १९७३ ला ताशी पाच मैलांच्या धडकेचा नियम आला आणि पुढचे बंपर जडशीळ झाले, त्याआधीचं हे शेवटचं देखणं वर्ष.

आता सावध करतो. १९६९ ते १९७१ च्या शेवेलला एसएस हा फक्त संच होता, त्यामुळे गाडीवर कारखान्यात कोरलेल्या क्रमांकावरून ती एसएस आहे की साधी मालिबू हे कळतच नाही. बिल्ले आणि पट्टे कुणीही लावू शकतो. १९६९ च्या कॅमेरोच्या क्रमांकात सहा सिलिंडर की आठ एवढंच कळतं. फोर्डच्या क्रमांकात पाचवं अक्षर इंजिनाचं: १९६६ च्या मस्टँगला 'टी' म्हणजे सहा सिलिंडर, 'सी' आणि 'ए' म्हणजे साधं २८९, 'के' म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास २८९. १९७२ पासून जनरल मोटर्सनेही (शेव्हरोले त्यांचीच) पाचव्या जागी इंजिनाचं अक्षर घातलं. अस्सल एसएस म्हणून कुणी चढी किंमत सांगत असेल तर कारखान्यातला त्या गाडीचा मूळ कागद मागा. नसेल तर ती साधी शेवेल समजूनच भाव करा.

माझं एक ठाम मत आहे. जी गाडी तिच्या मूळ इंजिनासह, मूळ कागदासह टिकलेली आहे, तिला कापू नये. तिच्यासारख्या थोड्याच उरल्यात. बदल करायचेत तर साधी गाडी घ्यावी, शाळेतल्या बाईंनी किराणा आणायला चालवलेली. तिच्यात पाच गिअर टाका, डिस्क ब्रेक टाका, कुणाचं काही जात नाही.

कॅन्टनकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मस्टँग बघून आलो. बादली, टॉर्च, चुंबक, सगळं नेलं होतं.

मागच्या चाकाच्या कमानीवर लेकीने चुंबक ठेवलं, ते सरळ तिच्या हातात पडलं. दुसऱ्या बाजूला ठेवलं, तिथेही तेच. मग आम्ही परवानगी घेऊन पाणी ओतलं. अर्धी बादलीही झाली नसेल, ती आतून ओरडली, "बाबा, थांब!" हीटरच्या पेटीमागून धार लागली होती. नव्या गालिच्याखाली बोट घातलं तर तपकिरी चिखल. विकणारा गृहस्थ शांतपणे म्हणाला की पन्नास वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच. आम्ही नमस्कार करून निघालो.

परतीच्या वाटेवर लेक गप्प होती. मग म्हणाली, "रंग इतका सुंदर होता ना." मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ८,५०० दिले असते तर वर्षभर फक्त पत्राच शिवत बसलो असतो.

कॅमेरो आणि शेवेलही बघितल्या. आमच्या पैशांत ज्या येतात त्यांचा तळच नाही, आणि तळ असलेल्या आमच्या पैशांत येत नाहीत. त्यामुळे आता डार्ट की नोव्हा एवढाच प्रश्न आहे. नोव्हात ३०७ घनइंचाचं व्ही-८ आहे, दोन गिअरचा ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड आणि चारही ड्रम ब्रेक. इंजिन तीन वर्षांपासून बंद.

पाटे_आणि_पाने:

नोव्हा. १९६७-६९ कॅमेरो आणि तुमची नोव्हा यांचा पुढचा सबफ्रेम जवळपास एकच आहे. कॅमेरोसाठी जगात जेवढं काही बनतं, पुढचे आर्म, स्पिंडल, डिस्क ब्रेक, त्यातलं बहुतेक तुमच्या गाडीला लागतं. कॅमेरोचं मन राखलं जातं आणि पैसे निम्म्यावर येतात.

मोपारवेडा:

डार्टसाठी जीव तुटतो, पण पत्र्याच्या आणि सुट्या भागांच्या बाबतीत पाटेदादांचं बरोबर आहे. घरात पहिली गाडी करणाऱ्याला भाग सहज मिळायला हवेत. एका रबराच्या पट्टीसाठी मी पाच महिने थांबलोय.

कोल्हापुरी_फिटर:

भाग मिळण्यावरून सांगतो. आमचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान. दोन वर्षांमागं एका गिऱ्हाइकाची कोंटेसा उभी केली. तीही मूळची विलायतेतल्या व्हॉक्सहॉलची, इकडं १९८४ पासून निघाली. लांब बोनेट, रुंद बसकण, आमच्याकडची पोरं तिलाच मसल कार म्हणतात. इंजिन मी घरात बांधलं, बुश लेथवर काढले, पण समोरच्या काचेचं रबर आणि मागचे दिवे यासाठी तीन राज्यं पालथी घातली. शेवटी रबर ओतून घेतलं. तुमच्याकडं त्या नोव्हाचा अख्खा तळ, दारं, मडगार्ड नवं कोरं घरपोच येतंय म्हणतात, तर विचार कसला करताय?

आता इंजिनाचं. ३०७ टाकून देऊ नका. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.८७५ इंच, ३५० चा ४ इंच. बोअर बारीक म्हणून मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा कमी, ताकद मर्यादित, हे कबूल. पण दोन्ही बाहेरून एकाच घरातली आहेत, माउंटिंग तेच, गिअरबॉक्सची तोंडं तीच. आज ३०७ वर गाडी चालू करा, उद्या ३५० बांधून त्याच जागी उतरवा, काहीच कापावं लागत नाही.

तीन वर्षं बंद आहे म्हणता, तर सेल्फ मारायची घाई करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडा, दोन दिवस ठेवा. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. सहज फिरलं तर पुढं जा. अडलं तर जोर करू नका, हेड उतरवा. हेड उतरलंच तर बोअरच्या वरच्या टोकाला नखानं बघा, रिंगांनी कंगोरा पाडलाय का. नख अडकलं की रिबोअर, म्हणजे सिलिंडर कातून मोठा करायचा. आणि हेड मशीनवर जाणारच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या कड्या, कडक पोलादाच्या घाला. जुन्या पेट्रोलमधलं शिसं त्या सीटांना सांभाळायचं, आता ते नाही.

बे_एरियातली:

फिटरकाकांच्या विरोधात नाही, पण दुसरी बाजूही सांगते. माझ्या नवऱ्याने त्याच्या १९७० च्या नोव्हात ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन टाकलं, १९९९ नंतरच्या सिल्व्हराडोत असतं ते. भंगारवाल्याकडे ढिगाने मिळतं, थंडीत चटकन चालू होतं, चढावर दम लागत नाही. मात्र इंजिन जेवढ्यात मिळालं त्याच्या तिप्पट बाकीच्यात गेले: वायरिंग, कॉम्प्युटर, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, सबफ्रेमला न अडणारं ऑइल पॅन, वेगळे माउंट. आणि चार महिने गाडी उभी होती. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे म्हणून ते जमलं तरी.

तुमच्याबरोबर पंधरा वर्षांची मुलगी आहे. चार महिने गाडी हलली नाही तर तिचा हिवाळा वाया जाईल. आधी ती गाडी घराच्या दारातून स्वतःच्या ताकदीवर बाहेर निघू दे.

आणखी एक, सीटबेल्टचं. तीन ठिकाणी अडकणारे नवे बेल्ट घ्याच. यात काटकसर नको.

कॅन्टनकर:

गाडी घेतली!

माझी मावसबहीण चँडलरला असते, फीनिक्सजवळ. आधी तिच्या मिस्टरांना पाठवून फोटो मागवले आणि मग आम्ही दोघं गेलो. पाटेदादा, तुम्ही सांगितलेलं अक्षरशः तसंच: डॅशबोर्डला उभी चीर, सीटचा काथ्या बाहेर, छपराचा रंग गेलेला. पण मी खाली झोपून पाट्यांच्या जागेवर स्क्रूड्रायव्हर ठोकला आणि देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. चुंबक कुठेही सुटलं नाही. मागच्या काचेखालच्या पन्हळात करंगळी जाईल एवढं एक भोक आहे, बाकी तळावर फक्त कोरडा तांबूस थर. ८,८०० ला ठरली. उघड्या ट्रेलरवरून आणायला १,५०० गेले.

जुना_कागद, क्रमांक तुम्ही सांगितला तसा वाचला. काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर पाचवं अक्षर 'एफ', म्हणजे ३०७ मूळचंच. सहावा आकडा '२', १९७२ चा. आणि सातवं अक्षर 'डब्ल्यू'. हे कारखान्याचं असतं असं कळलं म्हणून शोधलं, तर डब्ल्यू म्हणजे विलो रन, इप्सिलांटी. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर! दुसऱ्या महायुद्धात फोर्ड जिथे बी-२४ बॉम्बर बनवत असे तेच विलो रन. तिथला गाड्यांचा कारखाना कधीच बंद झाला. इथे बनून ही ॲरिझोनात गेली, पन्नास वर्षं तिकडच्या उन्हात राहिली, आणि परत आली. ट्रेलरवरून उतरवली तेव्हा लेकीने बोनेटवर हळदी-कुंकू लावलं, मी नारळ फोडला. शेजारचे आजोबा बघायला आले. त्यांनी विलो रनला एकतीस वर्षं नोकरी केलेली. दाराच्या फटीवर बोट फिरवत ते किती तरी वेळ उभे होते.

आता बेत असा. या हिवाळ्यात पुढचा सबफ्रेम काढून साफ करायचा, नवे बुश, पुढे डिस्क ब्रेक. ३०७ हाताने फिरलं, अडलं नाही, त्यामुळे तेच ठेवतोय. पॉवरग्लाइड काढून पाच गिअर पुढच्या वर्षी. रंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. ऐतिहासिक गाडीची नंबर पाटी घेणार आहे. मिशिगनमध्ये २६ वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, मेळे आणि मिरवणुकांसाठी, आणि ऑगस्ट महिन्यात मात्र कुठेही फिरवता येते.

जुना_कागद:

हार्दिक अभिनंदन! नारळाचा फोटो टाका.

कोल्हापुरी_फिटर:

झकास. एकच अट, गाडीखाली जायचं तर चार भक्कम घोडे, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावूनच. नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही, पोरीला तर अजिबात जाऊ देऊ नका.

कॅन्टनकर:

काका, घोडे लावलेत, शिवाय मागच्या चाकांना लाकडी ठोकळे.

आज अडलो आहे, म्हणून परत विचारतोय. सबफ्रेमचे बॉडीला धरणारे चार मोठे बोल्ट. चार दिवस रोज तेल सोडलं. तीन निघाले. उजव्या बाजूचा मागचा फिरतोय, पण बाहेर येत नाही. म्हणजे वर बॉडीत जो नट पिंजऱ्यात बसवलेला असतो, तो पिंजरा तुटून नटच बोल्टाबरोबर फिरतोय. आता काय करू? जोर लावला तर तळाचा पत्रा फाटेल अशी भीती वाटते.

पाटे_आणि_पाने:

जोर लावू नका, पाना खाली ठेवा. या गाड्यांत हे होतंच. आतून प्रवाशाच्या बाजूचा गालिचा उचला आणि बोल्टाच्या बरोबर वर तळाच्या पत्र्याला तीन बाजूंनी चौकोनी चीर द्या, चौथी बाजू तशीच ठेवा. झाकणासारखं वर वळवा, आतला नट दिसेल. लेकीने वरून पाना धरायचा, तुम्ही खालून बोल्ट फिरवायचा. निघाला की नट नव्या पिंजऱ्यात बसवा, झाकण परत खाली वळवून वेल्ड करा, आणि दोन्हीकडून झिंक प्रायमर मारा. पिंजऱ्याचा पत्रा चार ठिकाणी टाक्यांनी धरला तरी पुरे, नट मात्र वेल्ड करू नका, त्याला थोडं सरकायला जागा लागते. नाहीतर सबफ्रेम परत बसवताना भोकं जुळणार नाहीत.

कॅन्टनकर:

निघाला! तिने वरून धरला, मी खालून फिरवला, अर्ध्या तासात काम झालं. चौकोन तिनेच कापला आणि परवा टाकेही तीच मारणार आहे. तोवर त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सराव चालू आहे, आतापर्यंत अकरा तुकडे झाले. पहिल्या सहांना भोकं पडली, सातव्यापासून टाका धरू लागला. फोटो उद्या टाकतो.